सोळावा हव

गुढियारी, रायपूर
१२ जून २००३

ताई, पाया पडतो.

फोनवर बोलाव म्हटलं तर तुह्या कानातलं मशीन शिट्टी मारते, मी ओरडतो, अन् वनमाला आतून विचारते, बहिणीसंग भांडून राहिले का? त्यापरीस पत्र बरं. तूही सावकाश वाचशील अन् माह्या चुका लाल पेनानं काढशील. रिटायर झाली तरी मास्तरीण ती मास्तरीणच.

माह्या घराचा पार तमाशा झाला आहे. तुही भाची क्षमा चांगली नव्या राजधानीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, साहेब लोक तिले मॅडम म्हणतात. अन् मॅडम संध्याकाळी घरी येऊन काय करते? चार तारांचं गिटार वाजवते. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या ऑर्केस्ट्राचं होतं, मान तुटून कोपऱ्यात पडलं होतं. हिनं आपल्या मोहल्ल्यातल्या सुताराकडून जोडून आणलं. त्याले बास म्हणतात. आवाज कानात कमी अन् पोटात जास्त येते. कपबशा फळीवर नाचतात.

एकटी असती तर चाललं असतं. हिनं बँड काढला! लग्नाचा नाही, जॅझचा. ड्रमवर माया आहे, क्वार्टरमधली जुनी मैत्रीण. ट्रम्पेटवर नीलेश. तो लग्नाच्या बँडमधला, सोन्याच्या झालरीचा लाल कोट घालून थेट वरातीतून येते. म्हणून यांच्या प्रॅक्टिसची तारीख वनमाला पंचांग पाहून काढते. ज्या दिवशी मुहूर्त नाही त्या दिवशी जॅझ! अन् चौथा चौबे कॉलोनीतला वेदांत, साहेबाचा पोट्टा, कीबोर्ड वाजवते. मी त्याले विचारलं, जॅझ म्हणजे काय रे बाप्पा? तो म्हणते, "अंकल, सब एक साथ शुरू करते हैं, फिर अपने-अपने रास्ते जाते हैं, फिर मिल जाते हैं." मी म्हटलं, आमच्या यार्डातही असंच होते, पण तिथं सांधे बदलणारा पॉइंट्समन असते.

वाजवतात चांगलं. हे क्षमाले सांगू नको. पण धावतात. सुरू पॅसेंजरसारखं करतात अन् तिसऱ्या मिनिटाले मेल होते. कोणी कोणाचं ऐकत नाही.

आता मुद्द्याचं. परवा पोट्टीनं मले म्हटलं, बाबा, तुम्ही आमच्या गाण्यात गँगची हाक द्या. तुले आठवते ना, मी रेल्वेत गँग नंबर सातचा मेट, म्हणजे मुकादम होतो. सोळा माणसं, एक रूळ, सातशे किलो वजन. मेट ओरडते, "सबो तियार?" अन् सोळा जण ओळीनं, एकामागून एक, "हव" म्हणतात. इथल्या बोलीत ‘हो’ले ‘हव’ म्हणतात. सोळा हव झाले की मेट म्हणते, "उठा!" अन् रूळ उठते. ती हाक हिले स्टेजवर पाहिजे. मी म्हटलं, नाही. ती म्हणते, काहून? मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. तीन दिवस झाले माह्यासंग बोलत नाही.

तू तिले चार ओळी लिही. म्हण, बापाच्या मागं लागू नको.

तुहा भास्कर

(दुसऱ्या अक्षरात, चिठ्ठीवर)

आत्या, मी क्षमा. लिफाफा चिपकवायच्या आधी ही चिठ्ठी आत टाकून राहिली, बाबांना माहीत नाही. मराठी लिहिण्यात गलती झाली तर माफ करा. आम्हाला ग्रूव्ह पाहिजे. म्हणजे ठेका, पण असा की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलला पाहिजे. आमच्यात तो येत नाही. मायाला तिच्या बाबांनी, बाबाराव काकांनी, सांगितलं की असा ठेका पूर्‍या रायपूरमध्ये एकाच माणसाजवळ होता, अन् तो माणूस तुझ्या मैत्रिणीचा बाप आहे. बाबा काहून नाही म्हणतात, तुम्हीच विचारा.


वर्धा
१९ जून २००३

भास्कर,

आशीर्वाद आहेतच, आणि सोबत एक कान पिरगाळणं.

चार ओळी लिहिते, पण क्षमाला नाही, तुला. पोरगी काही मागत नाही, बापाचा आवाज मागते. कुणाच्या नशिबी असतं रे असं? आमचा अभिनव मला म्हणतो, आई, तू बोलू नकोस, टीव्ही ऐकू येत नाही.

७९ साली मी तुझ्याकडे आले होते. क्षमाला कडेवर घेऊन, तुझा डबा हातात धरून मी लाइनीच्या कडेला उभी होते. तेव्हा माझे कान धड होते. तू कमरेवर हात ठेवून "सबो तियार" म्हणालास, आणि ते हव, हव, हव असे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले, आणि तो अजस्र रूळ पाळण्यातलं मूल उचलावं तसा अलगद वर आला. वर्ध्याला परत आल्यावर मी चौथीच्या वर्गाला सांगितलं होतं, माझा भाऊ आवाजानं लोखंड उचलतो. मुलं हसली. मी दोघांना छड्या दिल्या.

खरं सांगू? ८८ साली तुझं प्रमोशन होऊन तू स्टोअरला गेलास, तेव्हा मी गल्लीत दीड किलो पेढे वाटले. पण मनात म्हटलं, आता हा तिथे नटबोल्ट मोजणार, आणि ती हाक गेली.

आता एवढ्या वर्षांनी ती परत मागताहेत तर तुझं काय अडलं? आणि हे फक्त क्षमाचं म्हणणं नाही. तुझ्या गँगमधला बाबाराव, त्यानं स्वतः आपल्या मायाला सांगितलंय की असा ठेका पूर्‍या रायपुरात एकाच माणसाकडे होता. लोक तुझी आठवण काढतात आणि तू फुगून बसतोस!

ताई


गुढियारी
२८ जून

ताई,

गळा गेला माहा. दात हलतात. एकसष्टाव्या वर्षी स्टेजवर नाचू का?

अन् बाबारावनं सांगितलं म्हणते? आता समजलं. पंधरा वर्षं गप राहिला अन् आता पोरीच्या तोंडून टोमणा मारून राहिला. म्हणते कसा, एकाच माणसाजवळ होता! तू यात पडू नको. तुले काही माहीत नाही.

वनमाला बरी आहे. आंब्याचं लोणचं पाठवते.

भास्कर


वर्धा
५ जुलै

भास्कर,

चाळीस वर्षं मुलं पाहिली मी. जो पोट दुखतं म्हणतो त्याचं पोट दुखत नसतं.

गळा गेला म्हणे! मागच्या दिवाळीला तू दाराशी भाजीवाल्याशी भांडलास ते मला मशीन न लावता ऐकू आलं होतं. टोमणा कशाचा? काय केलंस तू बाबारावचं?

खरं लिही. वाचून फाडून टाकीन. नाही लिहिलंस तर मीच येईन, आणि मग मला ओरडून सांगावं लागेल, म्हणजे सगळ्या गुढियारीला कळेल.

ताई


गुढियारी
२ ऑगस्ट २००३

ताई,

महिना लागला मले हे पत्र लिहायले. चारदा बसलो, चारदा उठलो. आज वनमाला भजनाले गेली आहे, क्षमा ऑफिसात आहे, म्हणून लिहितो.

मेटचा एकच धरम असते. सोळा हव मोजल्याबिगर उठा म्हणायचं नाही. कोणाचा रूळ धरायचा चिमटा नीट बसला नसते, कोणाचा पाय गिट्टीवर सरकते. जोपर्यंत तो स्वतः हव म्हणत नाही तोपर्यंत मेटनं थांबायचं. मागं गाडी उभी असो का साहेब उभा असो. मले माह्या मेटनं हेच शिकवलं अन् मी कितीतरी पोट्ट्यांले शिकवलं.

८८ चा मार्च होता. पाऊण तासाचा ब्लॉक, म्हणजे तेवढा वेळ लाइन आमची. शेवटचे सहा मिनिटं राहिले होते. साहेब घड्याळ पाहून राहिला होता. मी "सबो तियार" म्हटलं अन् पंधरा हव मोजले. सोळावा येतच आहे, असं धरलं, अन् उठा म्हटलं.

सोळावा बाबाराव होता. त्याचा चिमटा सटकला होता, तो वाकून बसवून राहिला होता. पंधरा जणांनी उचललं, एक टोक कलंडलं अन् त्याच्या डाव्या पायावर आलं. तीन बोटं गेली.

पण खरी गोष्ट पुढं आहे ताई. चौकशी झाली. बाबारावनं लिहून दिलं, माहाच पाय घसरला, मेटची काही चूक नाही. मी तिथंच उभा होतो. माह्या तोंडातून शब्द नाही निघाला. क्षमा अकराची होती, नोकरी जाईल असं वाटलं. त्याले गेटवर बसवलं, दिवसभर फाटक उघड अन् बंद कर. अन् मी अर्ज केला, मले स्टोअरमध्ये टाका. प्रमोशन कायचं? मीच मागून घेतलं. तुहे पेढे खोटे होते.

त्या दिवसापासून हाक दिली नाही. न्हाणीतही नाही. बाबाराव दोन गल्ल्या सोडून राहते, पंधरा वर्षं मी त्याच्या गल्लीतून गेलो नाही, भाजीले जायचं तर फेरा मारून जातो. आमच्या पोट्ट्या एकीमेकीच्या घरी जेवल्या, झोपल्या, त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. आता तीच माया ड्रमवर बसते अन् म्हणते, काका, हाक द्या. कोणत्या तोंडानं देऊ?

फाडून टाक.

भास्कर


वर्धा
९ ऑगस्ट २००३

भास्कर,

फाडलं नाही. पोथीत ठेवलं आहे.

आधी माझा राग ऐक. दीड किलो पेढे! शेजारच्या जोशीबाईंना मी दोनदा सांगितलं, भावाचं प्रमोशन झालं. त्यांच्या नातवाच्या मुंजीत सांगितलं. तू मला पंधरा वर्षं खोटं बोलायला लावलंस. मी वर्गात खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करत असे.

झाला राग. आता तू लिहितोस त्याच्यात तुझी खोड आहे ती सांगते. तू पंधरा वर्षं फक्त आपली चूक मोजत बसलास, त्या माणसाकडे एकदा पाहिलं नाहीस. अरे, ज्याच्या मनात डूख आहे तो आपल्या पोरीला सांगेल का, जा, त्या माणसाचा ठेका शिक? तो म्हणेल, त्या दारात पाऊल टाकू नको. बाबाराव टोमणा मारत नाही आहे बाबा. त्याले तुही हाक ऐकायची आहे. बघ, तुझ्या नादानं मीही वऱ्हाडीत आले.

उद्या सकाळी त्याच्या घरी जा. फेरा मारून नाही, सरळ रस्त्यानं. काय बोलायचं सुचलं नाही तर चहा माग. आपल्यात चहाला कोणी नाही म्हणत नाही.

ताई


गुढियारी
२१ सप्टेंबर २००३

ताई, दंडवत. दोन्ही हातानं.

दीड महिना लिहिलं नाही कारण फुरसत नाही. हो! रिटायर माणसाले फुरसत नाही! सांगतो.

तुहं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही गेलो, आठव्या दिवशी गेलो. बाबाराव ओट्यावर बसून पेपर वाचून राहिला होता. मले पाहून पेपर घडी केला अन् म्हणते, "ये. गल्ली सापडली?" एवढंच. मी चहा मागितला. तीन कप झाले. मायाच्या ड्रमबद्दल बोललो, गेटबद्दल बोललो, गुडघ्याबद्दल बोललो. जे बोलाले गेलो होतो ते काही निघेना. निघताना मी म्हटलं, "बाबाराव, त्या दिवशी मी पंधराच मोजले होते." तो म्हणते, "मले माहीत आहे. तो सोळावा माह्यावाला होता." मग कप उचलता उचलता म्हणते, "हाक देशील?" मी म्हटलं, देईन. "मग सोळावा हव मी देतो. खालून, लोकांत बसून." मी म्हटलं, प्रॅक्टिसले येत जा. तर म्हणते, "माही प्रॅक्टिस झालेली आहे."

तर मी आता बँडमध्ये आहे. ऐकून घे, तुहा भाऊ जॅझमध्ये आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांले वाजवूच दिलं नाही. म्हटलं, ठेवा सारं खाली. वनमालाचं लोखंडी कपाट उचलाले लावलं चौघांले, साड्या-भांड्यांसकट. पहिल्या खेपेस वेदांतनं घाई केली, कपाट तिरपं झालं, वनमालानं आरडाओरड केली. मी म्हटलं, आता माह्या हाकेवर. सबो तियार? हव म्हणायच्या आधी बाजूच्याचा हव ऐकायचा. तो ऐकल्याबिगर आपला द्यायचा नाही. चार दिवस कपाट या भिंतीचं त्या भिंतीले केलं. पाचव्या दिवशी असं उठलं की आतली वाटी वाजली नाही. वेदांत खाली बसला अन् म्हणते, "अंकल, यही तो है! पूरी दुनिया में इसी को ग्रूव्ह बोलते हैं!" मी म्हटलं, दुनियेत म्हणत असतील, आमच्यात याले काम म्हणतात.

अन् मग वाजवलं त्यांनी. ताई, धावलं नाही. एकमेकांसाठी थांबून राहिले होते. माया काडी उगारते अन् क्षणभर अशी धरून ठेवते की आपला जीव वर येते, मग हाणते. क्षमाचा बास तिच्या पायात पाय घालून चालते. अन् नीलेश! वरातीत तेच चार सूर फुंकून फुंकून ज्याचा जीव उबला होता तो पोट्टा डोळे मिटून असा वाजवते की समोरच्या गोदामातले हमाल पोते खाली ठेवून दारात उभे राहतात. माह्या अंगणात! माह्या पोट्टीच्या बँडसाठी! मी साऱ्यांले चहा पाजतो अन् सांगतो, ती बासवाली माही पोरगी आहे. तिले सांगितलं तरी चालते आता.

बँडचं नाव त्यांनी काय ठेवलं माहीत आहे? गँग नंबर सात. मले विचारलंही नाही. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

गाण्याची सुरुवात अशी आहे. मी म्हणतो सबो तियार. मग हे चौघं आपापल्या वाद्यावर पाळीपाळीनं हव देतात, एकूण पंधरा. सोळावी जागा रिकामी. ती बाबारावची. तो आला की मी उठा म्हणतो अन् सारे एकदम उचलतात. भीती एकच आहे. त्यानं नाही दिला तर? पाचशे लोकांसमोर? त्यानं वर पाहून नुसतं हसावं, एवढा हक्क तर त्याले आहेच.

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी सहा, चौबे कॉलोनीतल्या हॉलमध्ये. देव झोपलेले आहेत तोवर लग्नं नाहीत, म्हणून नीलेश मोकळा आहे. अभिनवले सांग तिकीट काढून दे. तुह्यासाठी बाबारावच्या बाजूची खुर्ची ठेवतो, पुढच्या रांगेत. ऐकू नाही आलं तरी चालते. बास पोटात येते.

भास्कर, मेट (रिटायर)


गुढियारी
१५ ऑक्टोबर २००३

ताई,

सोमवारी सकाळच्या गाडीनं तू गेली. घरात पाहुणे, हार, पेपरवाले, वनमालाच्या साऱ्या भजनवाल्या. तुह्यासंग दोन शब्द बोलता आले नाही. स्टेशनवर तू माही पाठ थोपटली अन् मी डब्याचा नंबर पाहत बसलो, म्हणून लिहितो.

स्टेजवर मले पहिल्यानं काही दिसलं नाही, उजेडच उजेड. मग तुहं पांढरं डोकं दिसलं अन् बाजूले त्याचं. मी सबो तियार म्हटलं. ताई, गळा गेला नव्हता. पंधरा वर्षं ठेवलेला निघाला, हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. नीलेशनं दिले, मायानं दिले, वेदांतनं, क्षमानं. मी बोटावर मोजत होतो. पंधरा झाले.

अन् सोळावा नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माह्याकडे पाहून राहिला होता. तोंड बंद. मागं कोणीतरी हसलं. लोकांले वाटलं बुढा विसरला. वेदांत डोळ्यानं खुणावत होता, अंकल, चलिए, पुढं चला. पण क्षमा तशीच उभी होती, बोट तारेवर, नजर माह्यावर. मायाची काडी हवेत. दोघी पोट्ट्या हलल्या नाहीत. मी म्हटलं मनात, आता आला नाही तर नाही. पण मी आज पंधरावर उठा म्हणणार नाही. हॉल रिकामा झाला तरी नाही.

मग आला तो हव. तू ऐकला असशील, साऱ्या कॉलोनीनं ऐकला. अन् मी उठा म्हटलं. पुढचं मले आठवत नाही. लोक खुर्च्यांवरून उभे होते, नाचून राहिले होते, एवढं आठवते. दुसऱ्या दिवशी पेपरात क्षमाचा फोटो आला. तीन कॉपी घेतल्या, एक यात ठेवली आहे. माहं अर्धं डोकं मागं दिसते.

पण एक गोष्ट मनात राहिली. त्यानं एवढा वेळ काहून घेतला? प्रोग्रॅम झाल्यावर तो आला, माह्या पाठीवर एक धपाटा मारला अन् निघून गेला, बोलला काही नाही. वनमाला म्हणते, जेवढा वेळ लावला तेवढा राग बाकी आहे त्याचा. असेल. मी धरून चालतो की आहे. तो त्याचा हक्क आहे. मी आता त्याच्या गल्लीतूनच जातो रोज.

भास्कर


वर्धा
२० ऑक्टोबर २००३

भास्कर,

वनमालेला सांग, तिचं चुकलं. आणि तुझंही. दोघांना दहा-दहा उठाबशा.

मी त्याच्या शेजारी बसले होते हे विसरलास? तुमच्या स्टेजवरून तोंड दिसतं, माणूस दिसत नाही. मी सांगते काय झालं ते.

तू ओरडलास ते मला थोडं आलं, लांबून आल्यासारखं. मग खुर्ची थरथरायला लागली, माझ्या हाडांत आली, म्हटलं हीच आपली क्षमा. मी पण बोटांवर मोजत होते. पंधरा झाले आणि सगळं थांबलं. मी बाबारावकडे पाहिलं. हात समोरच्या कठड्यावर, ओठ घट्ट मिटलेले. रागाचं म्हणतोस? अरे वेड्या, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसू दाबत होता. मी त्याला कोपरानं ढोसलं, म्हटलं, "भाऊ, बोला ना! काहून बोलत नाही?" तो माझ्या उजव्या, चालत्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "गप राहा बाई. पाहून राहिलो, थांबते का."

तू थांबलास.

त्यानं एकदा डोळे मिटले, आणि मग जो हव दिला, माझं मशीन शिट्टी मारून बंदच पडलं. त्यानंतरचा सगळा कार्यक्रम मी मशीन काढून ऐकला. पायांनी ऐकला. त्याचा डावा पायही पाहिला मी. चप्पल काढून ठेवली होती, आणि उरलेल्या दोन बोटांनी शेवटपर्यंत ठेका धरला होता. एकदाही सुटला नाही.

पेपरातला फोटो जोशीबाईंच्या सुनेला दाखवला. अर्ध्या डोक्यावर बोट ठेवून सांगितलं, हा माझा.

आज सकाळी बाजारात गेले होते. दीड किलो पेढे आणले, तेवढेच, मुद्दाम. सगळी गल्ली फिरले, गुडघे दुखताहेत. जोशीबाई आता नव्वदीच्या झाल्या, त्यांना सगळं आठवतं. पेढा हातात घेऊन म्हणाल्या, इंदू, आता कशाचे गं?

मी म्हटलं, माझा भाऊ मेट झाला.

ताई